अकरा नंबरची बस

पावणेसहाला माझं ऑफिस उघडतं :
शाळेच्या फाटकाशी एक पोर्टा केबिन,
घरघरणारा एसी, दोन फोन,
भिंतीवर बावीस बसगाड्यांचा तक्ता.
"भाईसाब, चौदा नंबर कुठं पोचली?"
"किंग फैसल रस्त्यावर, मॅडम. चार मिनिटं."
चार मिनिटं म्हणजे सात,
हे त्यांनाही ठाऊक असतं.

गेल्या मार्चपर्यंत मी क्रेन हलवायचो.
म्हणजे हलवणारा वेगळा, मी कागद हलवायचो,
पण काही पडलं तर माझ्या नावावर.
जबल अलीच्या साइटवर बारा तास,
शारजाला परतताना दोन,
घरी पोचेपर्यंत दाराशी जुईचे बूट.
बूट मोठे होत गेले, तेवढं दिसायचं.

एका गुरुवारी फ्रिजवर सापडली
कानाच्या थेंबांची रिकामी डबी,
वर हर्षदाच्या अक्षरात चिठ्ठी :
'बाबांना दाखवायचा.'
आत दात. तारीख रविवारची.

हर्षदा डायलिसिस विभागात असते.
लोकांचं रक्त बाहेर काढून,
धुऊन, परत आत सोडते.
तिला फार बोलायची सवय नाही.
म्हणाली, "पगार माझ्याकडे आहे. तू वेळ आण."

टायपिंग सेंटरमधल्या पोरानं
फॉर्मवरून मान वर केली.
"स्पॉन्सर... वाइफ?"
"हो."
त्यानं पुन्हा एकदा विचारलं, मग टाइप केलं.

सासूबाई फोनवर म्हणाल्या,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
पळतं म्हणजे सहा वर्षांची मुलगी आहे,
हे त्यांना कसं सांगू?
इचलकरंजीहून अण्णांनी विचारलं, "हल्ली कुठं?"
"शाळेत," म्हटलं.
"मास्तर झालास? झ्याक झालं."
मी काही दुरुस्ती केली नाही.

सकाळी चार तास, दुपारी दोन.
मधल्या वेळात भाजी, कपडे, थोडी झोप,
एका जुन्या ओळखीच्याला घरबसल्या
लोखंडाच्या सळ्यांचा हिशोब करून देतो,
तासावर पैसे.
गाडी विकली. हप्ता गेला, गाडीही गेली.
झोप लागते आता. तरी काही रात्री
बाल्कनीतून लांबच्या क्रेनचे लाल दिवे मोजतो,
आणि सहाव्याच्या जागी पाचच दिसले
तर पोटात कालवतं.

ताण नाही म्हणतात या कामात.
जानेवारीत एका पहाटे धुकं उतरलं,
समोरची मशीद गायब, फाटक गायब.
दोन्ही फोन पेटले.
नऊ नंबर कुठं? सोळा नंबर कुठं?
मी प्रत्येकाला तोच थंड आवाज वाटत होतो,
गुल ज़मान मात्र फोन उचलत नव्हता,
त्याची बस अकरा,
आणि अकरामध्ये, उजवीकडून तिसऱ्या खिडकीत,
जुई.
अकरासाठी सतरा आयांचे फोन आले.
अठरावा माझ्याकडेच होता,
तो कुणाला लावायचा?

पस्तीस मिनिटांनी दोन पिवळे डाग दिसले.
गुल ज़मान उतरून म्हणाला,
"चलाते वक़्त फ़ोन नहीं उठाता, साहब."
मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.
जुई माझ्या समोरून गेली,
मैत्रिणीबरोबर होती,
म्हणून ओळख दाखवली नाही.

थंडी असेतो, दुपारी मी त्याच बसनं परततो
आणि आम्ही दोन थांबे आधी उतरतो.
"आता अकरा नंबर!" ती ओरडते,
अण्णांनी शिकवलंय, दोन पाय म्हणजे अकरा.
खाडीच्या कडेनं जातो.
ती प्रत्येक मांजराशी थांबते,
वरचा दात हलतोय तो जिभेनं ढकलत राहते.
"बाबा, हात लावून बघ."
मी लावतो. आज पडायचा नाही. उद्या कदाचित.

खिशात फोन थरथरतो : जुने साहेब.
दोन महिन्यांचं काम आहे, नवी साइट,
पैसे दुप्पट, फक्त रात्रीचं.
जुई पुढं पळत जाते, वळून बघते.
"चार मिनिटांत फोन करतो, सर,"
मी म्हणतो.